बाबांचा सैल प्लग

सोमवार, ६ जानेवारी

बाबांचा सत्कार! माझे बाबा. अनंत साऊंडचे अनंतराव. गेली चाळीस वर्षं पुण्यातल्या निम्म्या वक्त्यांसमोर माईक लावला आणि स्वतः त्यात "हॅलो, एक, दोन, तीन" यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा सत्कार!

रंगनाथकाकांचा फोन आला. कसब्यातल्या आमच्या सुहृद मंडळाचे कार्यवाह. नऊ फेब्रुवारी, रविवार, मंडळाच्याच सभागृहात. त्यावर बाबांनी काय विचारावं? "साऊंड कोणाचा आहे?"

"तुमचाच," काका म्हणाले. "सवलतीत."

आईने विचारलं, "शाल आहे का नुसताच नारळ?" आनंद झाला की आमच्या घरात असंच बोलतात.

मी ताबडतोब संधी साधली. म्हटलं, बाबा, निदान तुमच्या सत्काराला तरी टेप गुंडाळलेल्या वायरी नकोत. सगळ्या पॉवर केबल बदलू. आणि प्लग असे घेऊ की फिरवून लॉक होतील, कोणी ओढलं तरी निघणार नाहीत.

"या वायरींनी काय पाप केलंय?"

काय पाप केलंय! वर्णन इथे करून ठेवते, म्हणजे माझा राग ताजा राहील. एक वायर जाड, दुसरी बारीक, मध्ये जोड, जोडावर टेप, टेपवर टेप. प्लग सैल झाला की पितळी पिनेच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून ती रुंद करायची. तरी सैल वाटला तर पुठ्ठा खोचायचा. आणि तरीही निसटला तर घोषणा — "क्षमस्व, तांत्रिक अडचण."

शेवटी मी हुकमाचा एक्का काढला. नववीतली वक्तृत्व स्पर्धा. साऊंड बाबांचाच. मी ऐन रंगात आलेली, "आणि म्हणूनच" म्हणून श्वास घ्यायला थांबले — आणि माईक बंद! बाबांचा प्लग निसटला होता. परीक्षकांनी तेवढ्यात चहा मागवला. सगळं सुरू झाल्यावर मी भाषण पूर्ण केलं, पहिली आले, ते सोडा. पोटच्या पोरीच्या भाषणात प्लग निसटावा? अठरा वर्षं हे मी त्यांना सणासुदीला ऐकवते आहे. दरवेळी ते एवढंच म्हणतात, "हो बाई, सैल होता."

आजही तेच म्हणाले.

मंगळवार, ७ जानेवारी

परवानगी मिळाली. पण अटीवर. "त्या कार्यक्रमात तुझा एक जरी प्लग निसटला, तरी सगळं सामान जयसिंगला देऊन टाकणार."

जयसिंग विश्रांतवाडीचा. मोठमोठे डीजे लावतो, आणि बाबांचे जुने स्पीकर त्याला फार आवडतात. गेलं वर्षभर मागतोय. बाबा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. त्यांची खात्री आहे की मी आज ना उद्या परत कुठल्यातरी कंपनीत जाऊन बसणार, मग हे सगळं सांभाळणार कोण?

मी जाणार नाही. मला हे काम हवंय. कायमचं हवंय. पण हे त्यांच्यासमोर उभं राहून सरळ सांगायला जमत नाही, म्हणून मी केबलवरून भांडते. असो.

शनिवार, ११ जानेवारी

बुधवार पेठ. दगडूशेठच्या गर्दीतून वाट काढत तापकीर गल्लीत रतनशेठकडे. मी मोबाईलवर सगळं वाचून गेले होते — तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची केबल, तीन पदरी, वर रबर, म्हणजे थंडीत ताठत नाही आणि पायाखाली फाटत नाही. रतनशेठने पहिलं बंडल पुढे केलं. बाबांनी ते नुसतं हातात तोललं आणि परत दिलं. मी टोक ब्लेडने खरवडून पाहिलं. वरून तांबं, आत पांढरं! ॲल्युमिनिअमला तांब्याचा मुलामा. रतनशेठ म्हणाला, "चुकून आलं हातात." चुका नेहमी त्याच बाजूच्या कशा होतात, हे विचारायचा मोह मी आवरला.

मग प्लग. एक निळा, एक काळा. दोन्ही आत घालून फिरवले की खट्ट करून लॉक होतात. मी निळा घ्यायचं ठरवूनच गेले होते. बाबांनी एकच प्रश्न विचारला.

"चालू असताना काढता येतो का?"

"निळा नाही काढायचा, काका. आत ठिणगी पडते, जळतो. आधी स्विच बंद, मग काढायचा. काळा चालू लोडवर काढला तरी चालतो. पावसातही टिकतो. पण महाग आहे."

"काळा द्या."

मी बघतच राहिले. चहाची गाळणी फाटली तर शिवून वापरणारा हा माणूस! म्हटलं, "अहो बाबा, चालू असताना काढायचाच कशाला? आपण न निघणारा घ्यायला आलोय ना?"

"हवा तेव्हा निघेल आणि नको तेव्हा निघणार नाही, असा हवा."

"काका," रतनशेठ म्हणाला, "असा तर जावईसुद्धा मिळत नाही."

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बाबा तिळगूळ घेऊन गोड बोलले: "केबल बरी आहे."

गुरुवार, १६ जानेवारी

बाहेरच्या खोलीचा कारखाना झालाय. मी केबल सोलते, बाबा चष्मा कपाळावर ठेवून बघतात. (चष्मा डोळ्यांवर असतो तेव्हा ते पेपर वाचतात. कपाळावर असतो तेव्हा चुका काढतात.)

"अर्थिंगची तार आत जरा लांब ठेव. ओढ बसली तर सगळ्यात शेवटी ती तुटली पाहिजे."

हे मोबाईलवर कुठेही नव्हतं. मी मान्य केलं नाही, पण तार लांब ठेवली.

पहिला प्लग तयार झाल्यावर बाबांनी तो आईच्या टेबलफॅनला लावून पाहिला. लावला, काढला. लावला, काढला. चालू पंखा! आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पंखा आहे का पाळणा?"

मग मला म्हणाले, "आता तू काढ. डोळे मिटून."

"का?"

"मिट."

अंगठ्याने खिट्टी मागे, डावीकडे फिरवायचा, बाहेर. पहिल्यांदा जमलं नाही. बाबांनी जमेपर्यंत करून घेतलं. विचारलं, हे कशासाठी? तर म्हणे, "आग लागली तर?" आग लागली तर मी डोळे मिटीन असं यांना का वाटतं, कोण जाणे.

रविवार, १९ जानेवारी

काय बघितलं मी आज!

मंडळात पुस्तक प्रकाशन. नव्या केबल अजून तयार नाहीत, म्हणून जुन्याच नेल्या होत्या. प्रमुख पाहुणे उठले, "मी फार वेळ घेणार नाही" म्हणाले, आणि तिथेच मला कळायला हवं होतं. ते आधी पुस्तकावर बोलले. मग स्वतःच्या पुस्तकावर बोलले. मग स्वतःच्या लहानपणाला हात घातला. मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागली. पहिल्या रांगेत रंगनाथकाकांनी चष्मा काढला आणि रुमालाने सावकाश पुसला. दोन्ही काचा.

आणि माईक गेला!

"क्षमस्व, तांत्रिक अडचण," बाबा म्हणाले. "तोवर चहा घेऊ या," काका म्हणाले. पाहुणेही चहाला गेले. चहानंतर त्यांना पुन्हा बोलवायचं कोणाला सुचलं नाही.

मी मनात म्हणत होते, बघा, निसटला ना परत? आणि प्लग बसवायला वाकले. तर प्लगवर बाबांची चप्पल! आणि चपलेत बाबांचा पाय!

सोमवार, २० जानेवारी

सकाळी चहाच्या वेळी उलटतपासणी घेतली. नाकबूल वगैरे काही नाही. "रंगनाथ चष्मा पुसतो. मी पाय लावतो. जुनी पद्धत आहे."

"अहो पण फसवणूक आहे ही!"

"समाजसेवा आहे."

म्हटलं, आवाज बंद करायचाच तर मिक्सरवरून करा, ते बटण कशासाठी असतं? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. "बटण दाबलं तर मी त्याला गप्प केलं असं होतं. अपमान होतो माणसाचा. प्लग निसटला तर कोणाचाच दोष नसतो. तो घरी जाऊन सांगतो, भाषण रंगलं होतं, पण त्या साऊंडवाल्याने घोळ घातला. सगळे खूष."

"आणि शिव्या तुम्ही खाता."

"भाड्यात धरल्यात."

आता मला त्या काळ्या प्लगचं कोडं सुटलं! चालू असताना काढता येतो का, म्हणे! लॉक फिरवणार, वाकणार, कोणाचं तरी लहानपण अर्ध्यात तोडणार! हसून हसून पोट दुखलं. आई म्हणाली, तिला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. त्यांच्या साखरपुड्यात म्हणे एका मामांचा माईक असाच गेला होता.

मग एकदम आठवलं. म्हटलं, "आणि माझ्या स्पर्धेत? तेव्हा कोणी चष्मा पुसला होता?"

बाबा पेपर उलटत म्हणाले, "छे. तुझ्या वेळेला खरंच सैल होता."

म्हणजे बघा! नको त्या माणसाचा मुद्दाम काढावा लागतो आणि स्वतःच्या मुलीचा आपोआप निसटतो.

रविवार, २६ जानेवारी

आज मंडळात नव्या केबल टाकून रंगीत तालीम. बाबांनी मुद्दा काढला, आणि खरं सांगायचं तर बरोबर काढला. जुना प्लग कोणाच्या पायात अडकला तर निघायचा. नवा निघणार नाही. मग काय होईल? स्टँडसकट स्पीकर येईल खाली, तोही पहिल्या रांगेतल्या एखाद्या विचारवंतावर. म्हणून केबल स्टँडच्या पायाशी ढिली ठेवून बांधली आणि वाटेवर रबरी पट्टी टाकली. स्वतः केबल ओढून पाहिली. प्लगही निघाला नाही, स्पीकरही हलला नाही.

व्यासपीठावरचा दिवा आणि सगळा साऊंड आमच्या एकाच लाईनवर घेतलाय. त्या लाईनचा मुख्य प्लग माझ्या टेबलाखाली. तो गेला तर सगळंच जाणार, आणि आमचा डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर तरी घेणार. तेवढ्यासाठी तर लॉक. रंगनाथकाकांना कौतुकाने दाखवलं. त्यांनीही ओढून पाहिला. "निघतच नाही की! मग माझं कसं व्हायचं?" आणि उगाचच चष्मा पुसला.

मी सगळ्या गल्लीला सांगत सुटलेय — आता अनंत साऊंडचा प्लग निसटणार नाही! दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. तो म्हणाला, बरं.

शनिवार, १ फेब्रुवारी

बाबांना सत्काराला उत्तर द्यायचंय. "दोन शब्द." त्या दोन शब्दांनी घरात उच्छाद मांडलाय.

न्हाणीघरात पाठांतर चालू आहे. पाणी चालू, भाषण चालू. "सन्माननीय व्यासपीठ" एवढं बाहेर ऐकू येतं, पुढचं बादलीत जातं. मी म्हटलं, कागद बघून वाचा की. तर म्हणे, कागद बघून वाचणाऱ्यांबद्दल चाळीस वर्षं काय काय बोललोय ते मला आठवतंय.

जेवण निम्म्यावर आलंय. काल आमटीत मीठ नव्हतं, तरी काही बोलले नाहीत, तेव्हा आई खरी घाबरली.

संध्याकाळी सहज शेजारी येऊन बसले. म्हणाले, "माईकच्या त्या बाजूला मी कधी उभाच राहिलो नाही गं. तिथून सभागृह कसं दिसतं, तेही माहीत नाही." मग म्हणाले, "तू टेबलाशी असशील ना?"

असेन म्हटलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

केबल टाकून झाल्या. प्रत्येक प्लगचं खट्ट कानाने ऐकलं. जयसिंगलाही आमंत्रण आहे — बाबांनीच दिलंय. अट विसरलेले नाहीत.

रविवार, ९ फेब्रुवारी

सभागृह भरलं होतं. ज्यांची भाषणं बाबांनी तोडली ते वक्तेही आले होते, आणि ज्यांना त्यामुळे वेळेवर जेवायला जाता आलं ते श्रोतेही. शाल मिळाली, नारळही मिळाला. जयसिंग तिसऱ्या रांगेत बसून आमच्या स्पीकरकडे एकटक बघत होता.

बाबा उठले. भाषणाचा कागद त्यांनी ऐटीत आईच्या हातात दिला आणि माईकपाशी गेले. वर दिवा, नवी शाल, छान दिसत होते.

"सन्माननीय व्यासपीठ आणि मित्रहो. चाळीस वर्षं मी..."

आणि थांबले.

मला आधी वाटलं, भावना. लोकांनाही तसंच वाटलं, एकदोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. टाळ्या संपल्या. बाबा तसेच. कोणीतरी खोकलं. आई हातातला कागद उंच करून दाखवत होती, पण डोळ्यांवर दिवा असल्यावर समोरचं काही दिसत नाही, हे तिला कुठून माहीत असणार? मागून कोणीतरी फिसकन हसलं. रंगनाथकाका खाली मान घालून बसले. चष्म्याला त्यांनी हातही लावला नाही.

मी बाजूने बाबांचा चेहरा बघत होते. तो चेहरा मला ओळखता आला, कारण तो एकदा माझाच होता. आता इथे खरं लिहिते — नववीत मी श्वास घ्यायला थांबले नव्हते. "आणि म्हणूनच"च्या पुढचं सगळं पुसलं गेलं होतं. समोर तोंडंच तोंडं, वाटलं की जमीन फाटावी. त्या क्षणी प्लग निसटला म्हणून वाचले. चहाच्या गडबडीत सगळं आठवलं. हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

बाबांसाठी आज काहीच निसटणार नव्हतं. मीच तशी व्यवस्था केली होती.

मिक्सरच्या बटणाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने आवाज गेला असता, पण दिव्याखाली बाबा तसेच दिसत राहिले असते. हात टेबलाखाली गेला. डोळे बाबांवरच होते. अंगठ्याने खिट्टी मागे, डावीकडे, बाहेर.

व्यासपीठ काळोखात गेलं. स्पीकर गप्प.

सभागृहाची लाईट होती. फक्त आमचीच गेली, म्हणजे दोष कोणाचा ते उघड होतं. जयसिंग उभा राहून म्हणाला, "काय गं, नवीन केबल ना?" रंगनाथकाका वळून बघायला लागले. दूधवालाही आला होता, त्याने नुसती मान हलवली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "क्षमस्व, तांत्रिक अडचण."

सगळं सभागृह हसलं. माझ्यावर. बाबांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

प्लग बसवला, खट्ट झालं. मिक्सर नेहमीप्रमाणे सावकाश जागा होत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची घाई नव्हती. अंधारात बाबांनी पाणी प्यायलेलं दिसलं. दिवा लागला. माईक सुरू झालाय का, हे बघायला बाबा सवयीने पुढे वाकले.

"हॅलो. एक, दोन, तीन."

हशा! टाळ्या! आणि मग बाबा जे सुटले! "माझं एवढंच भाषण तुम्ही आजवर ऐकलंय," म्हणाले, आणि पुढे चाळीस वर्षं माईकच्या मागून ऐकलेलं सगळं बाहेर आलं. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. पाठ केलेल्यातलं त्यात एक वाक्य नव्हतं, आईने कागद ताडून पाहिलाय.

शेवटी रंगनाथकाकांनी दोनदा चष्मा पुसला. मी वर छताकडे बघत बसले.

नंतर बटाटेवड्यांबरोबर सगळ्यांनी मला खाल्लं. न निसटणारा प्लग पहिल्याच दिवशी निसटला म्हणे! मी ऐकून घेतलं. एकदाही तोंड उघडलं नाही, जे मला फार जड गेलं. जयसिंगने जाताना विचारलं, "काका, मग टेम्पो कधी पाठवू?"

बाबा म्हणाले, "उद्या फोन करतो."

सामान गेलं, असं समजून चालले आहे. रडून घेतलं. पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा काढीन.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी बाबांनी जयसिंगला फोन केला. "सामान विकायचं नाही. मुलगी बघते आता." ठेवला.

मी म्हटलं, "आणि अट? प्लग निसटला की."

"निसटला कुठे? तू काढलास." पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. मला नाही जमलं एवढं सफाईने. तू 'आणि म्हणूनच'वर अडकलीस ना, तेव्हा दोनदा लाथ मारावी लागली. फार घट्ट होता."